मनीचा श्वास : अडीच महिन्यांची नोंद



आज कांदा नाही, टोमॅटो नाही. आज मांजरीची नोंद आहे. ज्याच्या बराखीत कांदा आणि घरात बाजरीची पोती आहेत त्याला शेतीच्या पानावर मांजर कशाला, हे सांगायला नको. बाकीच्यांनी विषबाधेचा भाग तेवढा वाचला तरी चालेल, तो सगळ्यांच्या कामाचा आहे.

मनी आमच्याकडं सात वर्षं आहे. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ती गव्हाणीखाली बसलेली दिसली. पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली, मान पुढं ताणलेली, आडवं व्हायला तयार नाही. तोंड उघडं. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं त्यात विशेष काही नसतं, पण मांजर बसल्या जागी तोंडानं श्वास घ्यायला लागली तर त्या दिवशीची सगळी कामं बाजूला ठेवायची. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. आदल्या रात्रीची भाकरी तशीच पडलेली.

आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर म्हणजे गाईंचे डॉक्टर. ते आले आणि मांजरीला हात लावायच्या आधी मलाच विचारायला लागले. "काका, आठ दिवसांत कशाची फवारणी झाली? बराखीत उंदराचं औषध ठेवलंय का? शेजारी कुणी ठेवलंय? गाईंना गोचिडाचं औषध कधी लावलं?"

हे प्रश्न का, ते त्यांनी तपासता तपासता सांगितलं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक पोटात गेलं तर लाळ गळते, डोळ्याची बाहुली बारीक होते, अंग थरथरतं, आणि धाप पण लागते. गोचिडाची बरीचशी औषधं पायरेथ्रॉईड गटातली. गाईला ती चालतात, मांजरीला सोसत नाहीत, कारण तिचं यकृत ती पटकन फोडू शकत नाही. मांजर गाईला अंग घासते आणि मग स्वतःला चाटते, तेवढ्यानंही बाधा होते. आणि ब्रोमॅडिओलोनची वडी. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीनचार दिवस फिरतो, सुस्तावतो, आणि असाच उंदीर मांजरीला आयता सापडतो. मग मांजरीचं रक्त गोठायचं बंद होतं आणि छातीत रक्तस्राव होऊन धाप लागते. त्यावर व्हिटॅमिन के-१ आहे, पण वेळेत द्यायला लागतं. शेजारच्या वस्तीवर बराखीत वड्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळं माझा सगळा संशय तिकडंच.

डॉक्टरांनी बरगड्यांच्या मधून बारीक सुई घातली. सिरींजमध्ये काय येतंय इकडं माझं लक्ष. रक्त नव्हतं. फिकट पिवळसर, थोडं गुलाबी पाणी. एका बाजूनं ८० मिली निघालं. सव्वातीन किलोची मांजर, तिच्या छातीत ८० मिली पाणी म्हणजे फुप्फुसाला फुगायला जागाच नाही. पाणी निघालं तसं तोंड मिटलं. डॉक्टर म्हणाले, "विष नाही. मला हे हृदयाचं वाटतंय."

हृदयाचं दुखणं आपण गोठ्यात बघितलेलं असतं. वैरणीतून तारेचा तुकडा किंवा खिळा गाईच्या पोटात जातो, जाळीच्या पोटातून पुढं सरकत हृदयाच्या पिशवीला टोचतो, मग गळ्याखालची पोळ सुजते, मानेची शीर दोरीसारखी फुगते. तिथं निदान तरी हाताला लागतं. मांजरीचं तसं नाही. तिच्या हृदयात बिघाड असून आवाज साफ येऊ शकतो, आणि धडधाकट मांजरीच्या हृदयातनं फुसफुस ऐकू येऊ शकते. मनीला फुसफुस नव्हती. पण दोनऐवजी तीन ठोके पडत होते, घोडं दुडक्या चालीनं जावं तसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ह्याच्यापुढं माझा स्टेथोस्कोप चालत नाही, सोनोग्राफी करा. मला हे आवडलं. न कळणारं कळतंय म्हणून चार इंजेक्शनं देणारे कमी नाहीत.

दोन दिवस घरीच लघवी वाढवणारं औषध, फ्युरोसेमाईड. गाय व्याल्यावर कास दगडासारखी सुजली की देतात तेच. धाप लागलेल्या मांजरीला घाईनं प्रवासाला काढलं तर ती रस्त्यातच जाऊ शकते, म्हणून आधी श्वास खाली आणायचा आणि मग पुणे. टोमॅटोच्या क्रेटवर दुसरं क्रेट पालथं घालून बांधलं, आत पोतं टाकलं, वर ओढणी. नारायणगाव ते पुणे ७५ किलोमीटरच, पण चाकणच्या कोंडीत तास गेला. लेक पुण्यात असते, तिनं वेळ घेऊन ठेवलेली. तपासणीला त्या आठवड्याच्या भावानं पाच क्रेट टोमॅटोचे पैसे गेले. गावात ऐकणारे हसले. हसू द्या.

मांजरीत सगळ्यात जास्त आढळणारा हृदयाचा आजार म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं. साधारण ६ मिलिमीटर किंवा वर गेली की जाड धरतात. मनीची भिंत जाड नव्हती. उलट कप्पा मोठा झालेला, भिंत सैल, दाब कमी. जुन्या पंपासारखं, मोटार फिरतेय पण पाणी उचलत नाही. अशी अवस्था येण्याची कारणं पुण्याच्या डॉक्टरांनी दोन सांगितली. एक, जाड भिंतीचाच आजार शेवटाला आलाय, भिंत झिजून सैल पडलीय. तसं असेल तर दिवस थोडे. दुसरं, टॉरिनची कमतरता. तसं असेल तर हृदय परत आकाराला येऊ शकतं. आणि दोन्ही नसेल, कारण कधीच कळणार नाही, असंही होतं म्हणाले.

टॉरिन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नंतर लेकीनं शोधून दिलं ते असं. १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञांना हा पदार्थ बैलाच्या पित्तात सापडला, लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात म्हणून टॉरिन. आमच्या बैलगाड्याच्या मुलखात हे नाव लक्षात राहायला अवघड नाही. कुत्रं हा पदार्थ अंगात तयार करतं. मांजरीला पुरेसा करता येत नाही, आणि पित्तावाटे तो रोज थोडा थोडा बाहेर पडतो, म्हणजे रोज बाहेरून भरायला लागतो. तो मिळतो मांसात, माशात. उंदरात भरपूर. भाकरीत नाही, गाईच्या दुधात नावाला. १९७५ साली कळलं की त्याच्या कमतरतेनं मांजरी आंधळ्या होतात. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन ह्या पशुवैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय सैल पडण्याचंही हेच कारण आहे, आणि टॉरिन दिलं की ते सुधारतं. त्यानंतर तयार खाद्याच्या कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि हा आजार पुष्कळ कमी झाला. आपल्या लोकांना हे लगेच समजेल. जस्ताची कमतरता कळल्यावर झिंक सल्फेट आलं तसंच.

आता मनीत कमतरता आहे का? तिचं खाणं दूध-भाकरी आणि स्वतः मारलेले उंदीर. बिबट्याचा वावर वाढल्यापासून दोन वर्षं ती दिवस मावळला की घरात असते, उसाच्या कडंला रात्रीची जात नाही. उंदीर मारते, पण किती, ते कोण मोजणार. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पडदा बघितला, तो चांगला होता. म्हणजे कमतरता नाही असं होतं का? तर तसंही नाही. रक्ताची तपासणी असते पण जवळपास सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, तपासणीची वाट बघू नका, द्यायला लागा, टॉरिननं नुकसान होत नाही.

इथं आमच्या घरातली अडचण आली. घर माळकरी. आई ऐंशीच्या पुढची, पंढरीची वारी तिनं पाय चालत होते तोवर सोडली नाही. घरात अंडं येत नाही, आणि वर श्रावण. टॉरिनची पावडर कॅप्सूलमध्ये मिळते, ती चालू केली. पण मनी दूध-भाकरीला तोंड लावत नव्हती आणि डॉक्टरांनी मासे, कोंबडी लिहून दिलेली. आईला कसं सांगायचं ह्याचा विचार करीत मी दोन दिवस काढले. शेवटी बायकोनंच विषय काढला. आई जपाची माळ न थांबवता म्हणाली, "माळ मी घातलीय. मांजरीनं घातलीय व्हय? चुलीवर नको, बाकी तुमचं तुम्ही बघा."

तेव्हापासून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत एक जुनी शेगडी आणि एक पातेलं. येडगावच्या फुगवट्यातली चिलापी मिळाली तर ती, काटे काढून. मीठ अजिबात नाही. त्यामुळं सुकट, बोंबील बाद, मिठानं छातीत परत पाणी भरतं. शिजवल्यावर टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातच कालवायचं. मासे नसतील तेव्हा कोंबडीचं हृदय, त्यात टॉरिन चांगलं असतं. दुकानात जाऊन मी काळीज मागितलं तर दुकानदार म्हणतो, "काळीज म्हणजे कलेजी का दिल?" पन्नाशी उलटेपर्यंत हा फरक करायची वेळ माझ्यावर आली नव्हती. दिल घेतलं.

औषधं चार. पाणी काढायची गोळी, हृदयाला जोर देणारी पिमोबेंडान, टॉरिन, आणि क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग. ही चौथी भयंकर कडू, फेस काढते, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून लोण्यातून. ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हृदयाचा कप्पा मोठा झाला की रक्त आत रेंगाळतं, गुठळी होते, आणि ती सुटून मागच्या दोन पायांकडं शीर फुटते तिथं अडकते. मांजर एकदम ओरडायला लागते, मागचे पाय लुळे आणि गार. आपल्याकडं ह्याला कुत्र्यानं कंबर मोडली म्हणतात किंवा साप चावला म्हणतात. असं दिसलं तर पायाचा गारपणा हातानं बघा आणि ते डॉक्टरांना सांगा. आणि एक. दुखतंय म्हणून मांजरीला आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एका गोळीत जीव जातो. वरच्या औषधांचं माप पण माझ्याकडनं घेऊ नका, ते तिच्या वजनावर काढलेलं आहे.

रोजचं खरं काम मात्र श्वास मोजायचं. गाढ झोपलेली असताना, घुरघुर चालू नसताना, फोनवर ३० सेकंद लावायचे, छाती वर गेली खाली आली की एक, आणि दुप्पट करायची. मिनिटाला ३० च्या आत असलं तर ठीक. वर गेलं तर थोड्या वेळानं परत मोजायचं, परत वरच आलं तर डॉक्टरांना फोन. दुधाच्या आणि पाण्याच्या पाळीच्या वहीतच एक रकाना आखला. पहिल्या दिवशी ६४. तिसऱ्या दिवशी ३८. महिन्याअखेरीला २८. गणपतीत एका रात्री ४२ झाले, फोनवर विचारून पाणी काढायची गोळी वाढवली, सकाळपर्यंत ३० वर आले. मशिनीशिवाय, पैशाशिवाय एवढं नेमकं सांगणारं दुसरं काही नाही. आजाराचं नाव माहीत नसताना हाच एक आकडा हातात होता.

दहा आठवड्यांनी परत पुणे. कप्पा थोडा लहान झालाय, भिंत आधीपेक्षा जोरात दाबतेय. मी खूश, म्हणलं टॉरिनचीच कमतरता होती तर. डॉक्टर म्हणाले तसं म्हणता येणार नाही, पिमोबेंडाननंही दाब वाढतो. खरं आहे. टोमॅटोचा शेंडा पिवळा पडला तर लोह कमी का मुळाला पाणी जास्त, ह्याचा निकाल आपण दोन सऱ्यांवर फेरस सल्फेट मारून लावतो. बाजूच्या सऱ्या तशाच ठेवतो. पानं हिरवी झाली की कळतं. इथं सगळी औषधं एकदम चालू केलेली, आणि मांजर एकच. न फवारलेली सरी कुठनं आणायची?

डॉक्टरांनी एक वाट सांगितली. पाणी काढायची गोळी आधी निम्मी करायची, श्वास टिकला तर पुढं पिमोबेंडानही हळूहळू बंद करून सोनोग्राफी करायची. हृदय तसंच चांगलं राहिलं तर टॉरिनचं काम, परत सैल पडलं तर दुसरा आजार. पहिली पायरी घेतली. निम्म्या गोळीवर आज बारा रात्री झाल्या, आकडा २४ ते २८ मध्येच आहे. वजन साडेतीन किलो. परवा बराखीतनं एक उंदीर आणून आईच्या पायाशी टाकला, आईनं पाय वर घेतले एवढंच.

दुसरी पायरी मी घेतलेली नाही. लेक म्हणते घ्या, नक्की कळेल. आई म्हणते चांगली चाललीय तर कळून काय करायचंय. मला दोघींचंही पटतं. दिवाळीनंतर तिसरी तपासणी आहे, पिमोबेंडान तोवर चालू ठेवणार. टॉरिन आणि मासे काही निघालं तरी चालूच राहणार, त्याबद्दल घरात वाद नाही.