हायर डेट

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहा महिने फक्त तारखा साफ केल्या. जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, नोकरी सोडल्याची तारीख. कॉलेजात मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट करून आलेल्या मुलीला हे काम मिळालं की तिला काय वाटतं, ते तुम्हाला माहीत असेलच.

क्लायंट अमेरिकेतला होता, कंपन्यांच्या पेन्शनचे हिशेब ठेवणारा. त्यांच्याकडची एक जुनी कंपनी, गाड्यांचे पार्ट बनवणारी, बुडाली होती. तिची पेन्शन योजना आता सरकारी विमा संस्थेकडे जाणार होती, आणि त्याआधी सगळ्या कामगारांचा डेटा नीट करून द्यायचा होता. डेटा कसला? कुणीतरी कधीतरी कार्डांवरून टाइप केलेली फाइल. कुठे जन्मसाल १९०१, कुठे आडनावाच्या जागी फोन नंबर. आणि बऱ्याच लोकांना दोन-दोन हायर डेट.

रिक्वायरमेंटमध्ये लिहिलं होतं, दोन तारखा असतील तर नंतरची घ्या. मी एक ओळ लिहिली. टेस्ट पास. टिकिट बंद.

दोन आठवड्यांनी रात्रीच्या कॉलवर क्लायंटकडच्या एक बाई आल्या. आवाजावरून साठीच्या असाव्यात. त्यांनी एकच रेकॉर्ड उघडायला सांगितलं. माणूस १९६७ला लागला होता, मग मंदीत घरी बसवला गेला, पुन्हा बोलावला गेला. आमच्या फाइलमध्ये त्याची नोकरी पुन्हा बोलावल्यापासून सुरू होत होती. बाई म्हणाल्या, प्लॅनच्या नियमात अशा माणसाची आधीची वर्षंही धरतात. असे किती आहेत? मी क्वेरी चालवली. तीनशेहून जास्त.

कारखान्यातल्या पेन्शनचं सूत्र बहुतेक वेळा अगदी साधं असतं: नोकरीचं प्रत्येक वर्ष गुणिले ठरलेले डॉलर. वर्षाला चाळीस डॉलर धरा आणि पाच वर्षं उडवा. महिन्याला दोनशे डॉलर गेले, तेही मरेपर्यंत. माझ्या एका ओळीमुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर ही माणसं मला माणसं वाटलीच नव्हती, रो वाटत होती.

मग मी त्या सरकारी संस्थेबद्दल वाचायला लागले. आधी घाबरून, नंतर आवडीने.

तिचं नाव पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन, पीबीजीसी. तिची गोष्ट सुरू होते इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावात. तिथे स्टुडबेकर ही मोटार कंपनी होती. डिसेंबर १९६३मध्ये तिने तिथला कारखाना बंद केला. कामगारांसाठी पेन्शन फंड होता, पण त्यात पुरेसे पैसे नव्हते. कुणी चोरले नव्हते. युनियनशी करार करताना दर वेळी पेन्शन वाढवलेली, जुन्या वर्षांसाठीसुद्धा, आणि त्याचे पैसे पुढच्या बऱ्याच वर्षांत हळूहळू भरायचे ठरलेले. ती पुढची वर्षं आलीच नाहीत. जे रिटायर झाले होते किंवा साठी गाठलेले होते, अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठच्या मधल्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या १५ टक्के रक्कम एकदम हातात टेकवली. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच नाही.

मधल्या गटाचं सरासरी वय ५२ होतं आणि सरासरी नोकरी २३ वर्षांची. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. का, ते पुढे सांगते.

त्यानंतर कायदा व्हायला अकरा वर्षं लागली. २ सप्टेंबर १९७४ला, तिकडच्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केली आणि पीबीजीसी जन्माला आली. ती चालते विम्यासारखी. पेन्शन देणाऱ्या प्रत्येक कंपनीने दर डोई हप्ता भरायचा. सुरुवातीला तो वर्षाला १ डॉलर होता, २०२४मध्ये १०१ डॉलर, आणि ज्यांच्या फंडात खड्डा आहे त्यांना त्यावर जास्तीचा. कंपनी बुडाली की तिचा फंड पीबीजीसी ताब्यात घेते आणि दरमहा पेन्शन तिथून सुरू राहते. सरकारी म्हटलं की आपल्याला वाटतं कराच्या पैशातून असेल. तसं नाही. तिची देणी अमेरिकन सरकारची देणी नाहीत, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. (अनेक कंपन्यांच्या सामायिक योजनांसाठी २०२१मध्ये सरकारने तिजोरी उघडली, पण ती वेगळी कथा आहे.)

मला आवडलं ते हे, की पेन्शन एका महिन्यानेही थांबत नाही. आधी अंदाजे रक्कम सुरू होते. मग लोक कागद शोधत बसतात, वर्षं मोजतात, आणि कधीकधी बऱ्याच वर्षांनी पक्की रक्कम कळवणारं पत्र येतं. पटलं नाही तर ४५ दिवसांत अपील. कमी मिळत होतं असं निघालं तर फरक व्याजासकट परत. जास्त मिळत होतं असं निघालं तर पेन्शनमधून थोडं थोडं कापतात, साधारण १० टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर व्याज लावत नाहीत. ज्याने कुणी हा नियम लिहिला, त्याला महिन्याच्या पैशांवर जगणं म्हणजे काय हे कळत असणार.

पण सगळं मिळतं असं नाही. आजारपणाचा विमा कंपनीबरोबर बुडतो. महागाईप्रमाणे रक्कम वाढत नाही. शेवटच्या पाच वर्षांत पेन्शन वाढवली असेल, तर ती वाढ पूर्ण धरत नाहीत, वर्षाला साधारण पाचवा हिस्सा धरतात. नाहीतर बुडती कंपनी म्हणेल, घ्या, पेन्शन दुप्पट, देणारा दुसराच आहे. नियम बरोबर आहे, फक्त त्यात मरतो तो साधा माणूस.

आणि कमाल मर्यादा. २००५मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या चार योजना पीबीजीसीकडे आल्या, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं. फंडातला खड्डा ९.८ अब्ज डॉलर, त्यातले ६.६ अब्ज हमीत बसणारे. उरलेले तीन अब्जांहून जास्त गेले कामगारांच्या खिशातून. त्या वर्षीची मर्यादा होती वर्षाला ४५,६१४ डॉलर, पण ती पासष्टाव्या वर्षी पेन्शन घेणाऱ्यासाठी. त्याआधी घेतली तर कमी. आता गंमत बघा. पायलटांना तेव्हा साठाव्या वर्षी विमान उडवणं सोडावंच लागायचं. सरकारचाच नियम. म्हणजे सरकार म्हणतं साठीला घरी जा, आणि सरकारचीच संस्था म्हणते तू लवकर घरी गेलास, तुझी मर्यादा २९,६४९. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक. दोन मॉड्यूल वेगवेगळ्या टीमने लिहिली की असंच होतं.

आता लॅपटॉप का बंद केला ते. पप्पा.

पप्पा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होते. १९९१ला लागले. २००९ला कंपनीला कुलूप लागलं तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते आणि मी सातवीत. म्हणजे साउथ बेंडच्या त्या मधल्या गटातलेच. नंतर दहा-बारा वर्षं इकडेतिकडे काम, कुठेच पीएफ नाही. अठ्ठावन्नला ईपीएस ९५ची पेन्शन सुरू झाली, दीड हजाराच्या आत.

आपल्याकडची रचना तशी वेगळी. पैसे कंपनीच्या फंडात राहत नाहीत, कंपनीने दरमहा ते पीएफकडे भरायचे असतात. त्यामुळे कंपनी बुडाली तरी भरलेल्या वर्षांची पेन्शन बुडत नाही. भरलेल्या वर्षांची.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी त्यांचा पेन्शनचा कागद मागितला. सवयीने आधी तारखा बघितल्या. नोकरी सोडल्याची तारीख: मार्च २००७.

“पप्पा, कंपनी तर २००९ला बंद झाली ना?”

“शेवटची दोन वर्षं त्यांनी भरलंच नाही गं. पगारातून कापायचे मात्र.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं.”

मी फोनवर हिशेब केला. पेन्शनला धरायचा पगार तेव्हा जास्तीत जास्त साडेसहा हजार. गुणिले दोन वर्षं, भागिले ७०. महिन्याला १८५ रुपये ७१ पैसे.

पप्पा हसले. “एवढ्यासाठी कोण खेटे घालणार? जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं जास्त होईल.”

मम्मी आतून म्हणाली, “माझ्या गोळ्यांचं एक पाकीट येतं तेवढ्यात.”

मी त्यांना ओहायोच्या बाईंची गोष्ट सांगितली. एका माणसाच्या एका तारखेसाठी त्यांनी रात्री आम्हा सगळ्यांना कॉलवर बसवलं होतं, आणि मग आम्ही तीनशे जणांच्या तारखा एकेक करून हाताने तपासल्या होत्या. पप्पांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “त्या सगळ्यांना मिळाले का पैसे?”

मला माहीत नव्हतं. आम्ही फाइल पाठवली, प्रोजेक्ट संपलं, मला दुसऱ्या टीमला टाकलं. अंतिम पत्रं जायला वर्षं लागतात. तोवर आमच्या कंपनीत त्या प्रोजेक्टवरचं कुणी उरणारही नाही.

“तारखा तरी बरोबर गेल्या,” मी म्हटलं.

पप्पा उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून एक पिशवी काढली. त्यात रबरबँड लावलेल्या पगाराच्या स्लिपा होत्या. रबर कधीच वितळून कागदाला चिकटलं होतं. मी २००७च्या एप्रिलपासून मोजायला सुरुवात केली. पप्पा चष्मा लावून शेजारी बसले. जूनची सापडेना.

“थांब,” ते म्हणाले, “जूनमध्ये पगार दोन हप्त्यांत झाला होता. त्याचा वेगळा कागद असेल.”