बिल्ला कोणाच्या हातात?

डी.एड.ला असताना मी रोज सायकलनं आमगाव स्टेशनावर यायचो आणि तिथून गाडीनं गोंदियाला. स्टँडवाले काका एक बिल्ला सायकलला अडकवायचे, त्याच नंबरचा दुसरा माझ्या हातात द्यायचे. संध्याकाळी बिल्ला दाखवला की सायकल मिळायची. दोन वर्षं हे चाललं, पण काकांनी माझ्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नसेल! त्यांची ओळख बिल्ल्याशी.

हे काका मला गेल्या पावसाळ्यात एकदम आठवले. शाळेत नेट चालेना, म्हणून शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मी एका कम्प्युटर सेंटरवर गेलो. माझा ई-मेल उघडला, मुलांची यादी काढली, काम उरकलं, खिडकी बंद केली आणि पाऊस यायच्या आत गाडीला किक मारली. अर्ध्या वाटेत फोन वाजला.

"सर, तुमचा मेल उघडाच आहे इथं. खाली तुमचा नंबर होता, म्हणून फोन केला."

माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसलेली अकरावीतली मुलगी बोलत होती. माझ्या पोटात गोळाच आला. त्या मेलमध्ये 21 मुलांची नावं, आईवडिलांचे मोबाइल नंबर, बँकेचे खातेनंबर होते हो! पण मी तर खिडकी बंद केली होती. मग?

त्याचं असं आहे. वेबसाइट ज्या कम्प्युटरवर असते तो सर्व्हर मुळात भारी विसराळू. तुम्ही पान मागितलं, त्यानं दिलं, की विसरला. पुढचं पान मागितलं की पुन्हा "कोण तुम्ही?" दर पानाला पासवर्ड टाकावा लागला असता तर आपण केव्हाच कंटाळलो असतो. यावर 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी तोड काढली. सर्व्हरनं एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडे द्यायची. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या वेबसाइटकडे जाताना दर वेळी दाखवतो. हीच कुकी. (खायची नव्हे! प्रोग्रामर लोक अशा खुणेला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत.) तिच्यात असतो जेमतेम 4 किलोबाइटपर्यंतचा मजकूर, बहुधा एखादा लांबलचक नंबर. दुकानाच्या वेबसाइटवर टोपलीत टाकलेली वही टोपलीतच राहते, तुम्ही निवडलेली मराठी मराठीच राहते, ते हिच्यामुळे.

काही कुक्या ब्राउझर बंद केला की जातात, काहींवर पुढची तारीख असते. माझी दुसऱ्या जातीची. मी नुसती खिडकी लावली, बिल्ला तिथंच ठेवला. लॉगआउट केलं असतं तर सर्व्हरनं तो नंबर रद्द केला असता. आता खुर्चीवर कोणीही बसो, सर्व्हरच्या लेखी तो मीच!

आणखी एक प्रकार आहे, तो मला मुळीच आवडत नाही. पानावरची जाहिरात पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची असते, आणि तीही गुपचूप आपला बिल्ला देऊन जाते. दहा वेबसाइटींवर तिच्या जाहिराती असल्या की दहाही ठिकाणी तिला तोच बिल्ला दिसतो. एका ठिकाणी तुम्ही क्रिकेटची बॅट पाहता आणि मग ती बॅट चार दिवस तुमच्या मागे लागते. सफारी ब्राउझरनं 2020 मध्ये असले परके बिल्ले बंद केले. क्रोमनंही त्याच वर्षी "करू" म्हटलं, आणि पुढे बेत सोडून दिला. आपल्या देशात 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांवर अशी नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पाळतं कोण, ते आपण पाहूच.

तर त्या मुलीनं विचारलं, "मी काही वाचलं नाही, सर. लॉगआउट करू का?"

"कर बेटा, कर!" मी भर पावसात ओरडलो. घरी पोचून आधी पासवर्ड बदलला, मग ओले कपडे.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात ही फजिती सांगितली. "म्हंजे तो तुमाले पाहातच नाही, गुरुजी?" एकानं विचारलं. नाही रे बाबा, बिल्लाच पाहतो!

आता शाळेच्या कम्प्युटरवरून मी उठलो रे उठलो, की मागून कोणीतरी ओरडतंच, "गुरुजी, बिल्ला वापस केला का?"