परवानगी कोणाची घेतलीस?

प्रिय शॅडोइंग,

माणसाला ‘कामावर काय करतोस’ विचारलं, की तो बहुधा काय करायला हवं तेच सांगतो. खोटं बोलत नाही. दिवसातली निम्मी कामं त्याला कामं वाटतच नाहीत. म्हणून तू सकाळपासून वही घेऊन त्याच्या मागे असतेस. तो जिन्यात थांबला की थांबतेस, फोनवर बोलला की वेळ टिपतेस. संशोधनाची पद्धत म्हणून प्रश्नावलीपेक्षा माझा तुझ्यावर जास्त विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकतो.

व्यवस्थापनाचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्गने तुझ्याच रीतीने पाच संस्थाप्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा काढला. व्यवस्थापक शांतपणे बसून नियोजन करतो, असं तोवर पाठ्यपुस्तकं सांगत. त्याच्या 1973 च्या पुस्तकात दिसले ते सतत व्यत्यय झेलणारे साहेब. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत आटोपलेली. त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ हॅरी वोलकॉटचं एका अमेरिकन मुख्याध्यापकावरचं पुस्तक आलं. त्यासाठी तो दोन वर्षं त्यांच्या मागे होता.

मला सर्वांत आवडलं ते मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑरचं काम. झेरॉक्स कंपनीचे मशीन दुरुस्त करणारे लोक ग्राहकांकडे जात, तेव्हा हा सोबत जाई. कंपनीने त्यांना पुस्तिका दिल्या होत्या : अमुक बिघाड, तमुक उपाय. पण मशीन काही पुस्तिका वाचून बिघडत नाही. अडलं की हे लोक जुन्या बिघाडांचे किस्से एकमेकांना सांगत, अगदी नाश्ता करतानाही, आणि त्यातून दोष सापडे. बाहेरून पाहणाऱ्याला त्या नुसत्या गप्पा. (आपल्याकडे अशांना ‘चहाला गेलेत’ म्हणतात.) हे ऑरच्या 1996 च्या पुस्तकात आलं.

ऑरबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार तुझ्याबद्दल आहे. साहेब तुला कधीही ‘जरा बाहेर थांबा’ म्हणू शकतो. हाताखालच्या माणसाचं काय? त्याच्या वतीने अनेकदा साहेबानेच होकार दिलेला असतो. मग त्याने काम उरकण्यासाठी नियमाला दिलेली बगल तुझ्या वहीतून उद्या कुणाच्या टेबलावर जाईल? नाव बदलून भागत नाही; चार जणांच्या खात्यात कोण कुठला ते सगळे ओळखतात.

तेव्हा यापुढे साहेबाची सही मिळाली तरी त्या माणसाला एकट्याला गाठून विचार. नको म्हणाला तर परत फीर. हो म्हणाला तर छापण्याआधी त्याच्याबद्दलची पानं त्याला वाचायला दे.

तुझा,
एक वाचक