हरलेल्याचा बेत

ट्रॅफल्गारच्या आरमारी लढाईत नेल्सनचा बेत काय होता ते कळतं, कारण तो तडीस गेला. त्याच्याशी लढलेल्या व्हिलनव्हचा कधीच कळणार नाही, कारण तो हरला. आर. जी. कॉलिंगवूडच्या आत्मचरित्रातला हा मुद्दा काही केल्या माझी पाठ सोडत नाही.

कॉलिंगवूड ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ आणि रोमन ब्रिटनचा उत्खननकार. 1912 साली पेम्ब्रोक कॉलेजात फेलो, 1935 साली प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात लंडनला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात असताना तो रोज अल्बर्ट मेमोरियलवरून चालत जाई. ते त्याला इतकं कुरूप वाटे की त्याकडे बघवत नसे. आपण रस्ता बदलला असता. हा विचारत राहिला: वास्तुकार स्कॉटने हे असं का बांधलं? त्याला सुंदरच काही करायचं होतं का? की वेगळंच काही करायचं होतं, ते साधलंही, आणि दिसत नाही ते मलाच? यातूनच त्याचं सूत्र आकाराला आलं: प्रत्येक विधान कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं; तो प्रश्न सापडेपर्यंत उत्तराला चूक म्हणू नये.

पटतं. पण प्रश्न शोधायचा कुठे? उत्तरातच. मग नापास कोणी होणारच नाही, आणि जो खरोखर झाला त्याचा प्रश्नच हरवणार.

हे वाचताना मराठी माणूस पानिपतावर जाणारच. भाऊसाहेबांचा सैन्याचा गोल करून लढण्याचा बेत होता; विंचूरकर, गायकवाड पुढे धावले आणि गोल मोडला, असं सांगतात. म्हणजे बेत कळतो तो मोडल्याच्या हकिकतीतून. कॉलिंगवूडच्या हिशेबी हे ज्ञानच नव्हे. मग इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांनी काय केलं? 1946 साली डेक्कन कॉलेजने काढलेल्या पुस्तकात त्यांनी मराठे अब्दालीविरुद्ध कशासाठी उभे राहिले ते मांडलं. त्यांच्या मते ती लढाई हिंदुस्थान हिंदी लोकांचाच राहावा म्हणून होती. हेतू एवढा मोठा मानला की पराभवाचाही चेहरा बदलतो. वाचताना मी मान डोलावतो. पुस्तक मिटलं की शंका येते: हा प्रश्न भाऊंचा, की शेजवलकरांचा?

त्याच 1946 साली कॉलिंगवूडचं ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ आलं. तो 1943 सालीच वारला होता. टी. एम. नॉक्सने त्याच्या व्याख्यानांच्या हस्तलिखितांतून ते जुळवलं. कॉलिंगवूडला लिहायचं होतं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ हिस्टरी’. ते त्याने 1939 साली सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. हरवलेलं हस्तलिखित 1995 साली सापडलं, 1999 साली छापलं. म्हणजे बेत त्याचाही तडीस गेला नाही. त्याच्याच नियमाने त्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला कळू नये. तरी इतिहासाचं तत्त्वज्ञान शिकवताना त्याला वगळता येत नाही. नियम फसवा म्हणावा, तर शेजवलकरांवरची शंका मागे घ्यावी लागते. खरा म्हणावा, तर कॉलिंगवूडच हातचा जातो.

तेव्हा, वाचकहो, भाऊंचा बेत ठाऊक असल्याचं कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर तो कुठून कळला एवढं जरूर विचारा. मी सांगू लागलो, तर मलाही.