माशांची थंडी

आमच्या घरात माशांवरून अबोला झाला तो एकदाच. पण तो चांगला पंधरा दिवस टिकला.

मुंबईला आमच्या दोन खोल्यांत पस्तीस लिटरची काचेची टाकी होती. तीत चार एंजल आणि सहा झेब्रा. हीटर-बिटर काही नाही, तरी दोन वर्षे मंडळी सुखाने नांदली. मग माझी पुण्याला बदली झाली. ऐन मे महिन्यात मासेही पाण्याच्या पिशव्यांत बसून आमच्याबरोबर घाट चढून आले. निघताना मासेवाल्याने सुचवले होते, "साहेब, पुण्याला चाललात, हीटर घेऊन जा." मी हसलो. मासा उष्ण कटिबंधातला, पुणेही उष्ण कटिबंधातच. मग त्याला गरम पाण्याचे लाड कशाला? पुण्यात आल्यावर तर पुरावाच मिळाला. शेजारच्या बिऱ्हाडातला गोल्डफिश साध्या टाकीत दोन हिवाळे काढून टुणटुणीत होता! हिने पुन्हा हीटरचा विषय काढला, तेव्हा मी तो गोल्डफिश पुढे केला आणि वाद जिंकला.

डिसेंबरात थंडी पडली. पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जाऊ लागला. आमची टाकी गॅलरीच्या दाराशी. एका सकाळी धाकटीने विचारले, "बाबा, मासे अजून झोपलेत का?" एंजल कल्ले मिटून तळाशी निमूट उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले. त्या रात्री आईने कोणालाही न विचारता आपली जुनी शाल टाकीभोवती गुंडाळली. पण तोवर उशीर झाला होता. तीन एंजल गेले. धाकटीने त्यांना तुळशीच्या कुंडीत पुरले आणि माझ्याशी बोलणे बंद केले.

मग मी थर्मामीटर आणून पाण्यात सोडला. सकाळी 17, दुपारी 24! तेव्हा डोक्यात उजेड पडला. माशाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखीत नाही; पाणी जितके, तितकेच त्याचे अंग. एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या एवढ्या अफाट पाण्यात रात्र आणि दिवस यांत फारसा फरक पडत नाही. पस्तीस लिटर पाणी मात्र पुण्याच्या हवेबरोबर तापते आणि गारठते. हे हेलकावे सोसताना मासा दुबळा होतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे फावते. मुंबईचा समुद्र रात्री हवा फार गार होऊ देत नाही. दोन वर्षे माझे मासे त्याने सांभाळले होते, आणि श्रेय मी घेत होतो.

आणि तो गोल्डफिश? तो कार्पच्या कुळातला, चीनमध्ये पाळून तयार झालेला, थंड पाण्याचाच मासा. मी साक्षीदारच चुकीचा बोलावला होता! माझे झेब्राही वाचले. ते आपल्याच देशातल्या नद्यानाल्यांचे. गंगेच्या मैदानातला हिवाळा त्यांच्या पूर्वजांनी पाहिलेला. तेव्हा उष्ण कटिबंधातल्या माशाला हीटर लागतो का, हा प्रश्नच अर्धा. कुठला मासा, कुठल्या गावी, केवढ्या पाण्यात, हे विचारायला हवे. मुंबईला बहुधा चालून जाते. पुण्या-नाशकाला एंजल पाळायचा, तर हीटर हवाच.

पन्नास वॉटचा हीटर आणला. पाणी एकदम तापवायचे नाही, हळूहळू चढवायचे. पाणी बदलताना आधी बटण बंद करून हीटर निवू द्यायचा, नाहीतर तो उघडा पडून काच तडकते. आणि बटण चालू असताना पाण्यात हात मुळीच घालायचा नाही. उरलेला एंजल औषधाने आणि उबेने आठवडाभरात वर आला.

शाल आईने परत घेतली, जरा नाखुशीनेच. धाकटी मात्र अजून गप्प होती. एके दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र उघडले, तोच टाकीपाशी उकिडवी बसलेली ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सव्वीस आहे, बाबा."