सात आसने, आठ माणसे

मराठी कुटुंबकथा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना घराचा नकाशा आवर्जून दाखवतो. ओसरीवर कोण बसते, माजघरातून बाहेर कोण येत नाही, आल्यागेल्याला बोलण्याचा मान कोणाचा, यावरून त्या घरातला अधिकार वाचता येतो. कुटुंबाच्या गाडीचे असे वाचन आपण सहसा करत नाही. आपल्या साहित्यातला प्रवास दीर्घकाळ बैलगाडीचा, आगगाडीचा आणि एसटीचा राहिला. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे पुलंच्या ‘म्हैस’मध्ये तिने एक अख्खा समाज एका गाडीत बसवून दाखवला. एसटीतली जागा खिडकीतून रुमाल टाकेल त्याची. घरच्या गाडीतली जागा मात्र कोणी न सांगता ठरलेली असते.

हे सारे मनात आले ते आमच्या घरी जुनी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा. माझे सासर पासलीचे. तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे मागे टाकून केळदकडे निघाले की लागणारे हे डोंगरातले गाव. सासूबाईंना गुडघ्यांच्या उपचारांसाठी दर महिन्याला पुण्याला आणावे लागू लागले. पावसाळ्यात, दाट धुक्यात, वडाप जीपच्या पायरीवर त्यांना दोघांनी उचलून चढवायचे, हे दृश्य आम्हां सर्वांनाच असह्य होते. नवी मोठी गाडी परवडणारी नव्हती. तेव्हा जुनी, पण सगळ्यांना सामावणारी गाडी पाहावी, असे ठरले.

सगळे म्हणजे किती? सासूबाई, त्यांच्या विधवा नणंद आत्याबाई, थोरले दीर, जाऊबाई, पुतण्या, माझा नवरा, मुलगी आणि मी. आठ. बाजारात मिळतात त्या बहुतेक गाड्या सात आसनी. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते आणि तीत चालकही मोजलेला असतो.

दिरांच्या मनात बोलेरो होती. गावाच्या रस्त्याला ती शोभते, हे खरेच. पण चढायला उंच, आणि मागे समोरासमोर दोन आडव्या सीट. त्या सीटवर कोण बसणार, हे विचारायची गरज नव्हती. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे पाहिले. नवऱ्याने जुनी टवेरा सुचवली. तीत दहा माणसांची सोय असलेलेही प्रकार होते. मात्र २०१७ मध्ये त्या कंपनीने भारतातली विक्री थांबवली, आणि सामान मिळवण्यासाठी दरवेळी पुणे गाठणे आले. ओम्नीचा विचार सासूबाईंचा. १९८४ साली रस्त्यावर आलेली ही मारुतीची व्हॅन २०१९ पर्यंत बनत होती. शाळेच्या मुलांपासून रुग्णांपर्यंत सर्वांना तिने वाहिले. हिंदी चित्रपटांनी तिला अपहरणाची गाडी करून टाकले, तरी सरकता दरवाजा आणि बुटकी बैठक यांमुळे म्हाताऱ्या माणसाला ती सोयीची. आधी बसायचे, मग पाय आत घ्यायचे.

अखेर तिचीच धाकटी बहीण म्हणावी अशी, २०१० पासून आलेली ईको, आम्ही पाहू लागलो. सात आसनांची, बिनएसीची, सरकत्या दरवाजाची. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना; गाडी भरली की चढाला तीच चाके रस्ता धरून ठेवतात, असे गॅरेजवाल्याने समजावले. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा, पायाखालची मॅटिंग उचलून पत्र्याचा गंज तपासा, दरवाजा रुळावर अडतो का बघा, टायर एका बाजूने झिजलेत का पाहा, कर्जाचा बोजा उतरवल्याचा बँकेचा दाखला मागा: ही त्याची शिकवणी कोणत्याही संहिताचिकित्सेइतकीच काटेकोर होती. एक गोष्ट मात्र मलाच सर्वांपुढे ठेवावी लागली. २०१६ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत या गाडीला एकही तारा मिळाला नव्हता. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दीर म्हणाले, “वडापमध्ये बारा जण कोंबून जातो, त्याला किती तारे?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी हळू चालवायची आणि सातावर एकही माणूस घ्यायचा नाही, एवढे मात्र मी कबूल करून घेतले.

त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “मी येष्टीनं येते. मला तर तिकीटच पडत नाही.” २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे बिनतोड होते. पण हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले होते. जेवताना “माझं नंतर”, लग्नाला निघताना “मी घर राखते”. तरुणपणी माहेरी परतलेल्या आणि या घरची भातखाचरे चाळीस वर्षे लावत आलेल्या बाईने स्वतःला नेहमी आठवे धरले होते. आणि आम्ही सात आसनांची गाडी शोधत होतो, तेव्हा ते गणित तिच्याच त्यागावर जुळणार हे प्रत्येकाने मनोमन गृहीत धरले होते.

त्या दिवशी मी वहीत नावे लिहिली. वयाने नाही, मानाने नाही. ज्याचे गुडघे अधिक दुखतात त्याचे नाव आधी. सासूबाई पहिल्या, आत्याबाई दुसऱ्या. सगळे आठ जण एकत्र निघण्याचे प्रसंग वर्षातून दोन-तीन. त्या दिवशी धडधाकट सहांपैकी एकाने एसटीने जायचे, आणि तेही पाळीपाळीने. दिरांनी वही दोनदा वाचली. “म्हणजे माझीही पाळी?” एवढेच विचारले. मग ते गाडीचे फॉर्म २९ आणि ३० भरायला बसले.

गेल्या मे महिन्यात पुण्यातले लग्न उरकून सगळे गावी निघाले, तेव्हा पाळी माझी होती. गाडीने मला स्वारगेटला सोडले. मधल्या सीटवर खिडकीशी बसलेल्या आत्याबाईंनी काच सरकवली आणि म्हणाल्या, “बायकांना अर्धं तिकीट हाय आता. सुटे हायेत ना गं?”