बुलेटचे मागचे शॉकअप बदलताना

बाबांनी १९७८ साली घेतलेली साडेतीनशे सीसीची बुलेट आमच्या साताऱ्याच्या घरी आजही रोजच्या वापरात आहे. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक, सगळं मुळातलंच. आता ती मी चालवते आणि बाबा मागे बसतात. पण मणक्याचं दुखणं सुरू झालं, तशी मागची सीट त्यांना नकोशी झाली. खड्ड्यातला पहिला दणका ते सोसायचे. त्यानंतर गाडी मागून पुन्हा पुन्हा उसळायची आणि कमरेत कळ जायची. गाडी विकायचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. मग मागचं सस्पेन्शन सुधारायचं ठरलं.

आमच्या मिस्त्रीकाकांनी गाडी डबल स्टँडवर घेतली. "ताई, शॉकअपचं नंतर बघू. आधी चाक हलवून बघा," ते म्हणाले. मी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं ओढलं. मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या स्विंग आर्मच्या सांध्यातून बारीक 'टक्' आवाज आला आणि तिथे ठेवलेल्या बोटाला फट जाणवली. बुश झिजले होते. हा सांधा ढिला असेल तर वळणावर मागचं चाक आपल्या मनाने डोलतं आणि कितीही महागडे शॉकअप बसवले तरी ते डोलणं जात नाही. म्हणून आधी स्विंग आर्म उतरवला, नवे बुश दाबून बसवले, पिनला ग्रीस भरलं.

मग जुने शॉकअप हातात घेतले. दांड्याभोवती तेल आणि धूळ मिळून काळं कडं जमलं होतं. काकांनी स्प्रिंग उतरवून दांडा आत दाबायला लावला. तो विनातक्रार आत गेला. बाहेर ओढतानाही बराच वेळ हाताला काही लागलंच नाही. बाबांच्या कमरेचं दुखणं वाढवणारी जागा हीच, हे मला तिथे कळलं. स्प्रिंग दणका झेलते, पण झेललेली ताकद ती साठवते आणि लगेच परत करते. ती ताकद जिरवायचं काम आतल्या तेलाचं. दांड्याच्या टोकाचा पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, त्या घर्षणात ताकदीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. तेल गळलं की उरते नुसती स्प्रिंग.

नवे घेताना गॅस भरलेले शॉकअप निवडले. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर वर-खाली होतो, तेव्हा साध्या शॉकअपमधल्या तेलात हवा मिसळून फेस होतो. फेस छिद्रांतून सहज निसटतो आणि ऐन गरजेच्या वेळी पकड सुटते. तेलावर नायट्रोजनचा दाब असला की बुडबुडे सहसा धरत नाहीत. लांबी मात्र वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत जुन्याइतकीच ठेवली. ती वाढली तर गाडी मागून उचलली जाते, स्विंग आर्मचा कोन बदलतो, स्टिअरिंगची चाल बदलते आणि चेनचं गणितही बिघडतं. इंजिनाकडचं चक्र, स्विंग आर्मची पिन आणि चाकाचा आस एका रेषेत आले की चेन सर्वात ताणली जाते. म्हणून बसवून झाल्यावर दोघांना गाडीवर बसवूनच काकांनी चेनचा ढिलेपणा पाहिला.

शॉकअपच्या खालच्या कड्याला पायऱ्या असतात. ते कडं पान्याने फिरवलं की स्प्रिंग कडक होते, असं सगळीकडे सांगतात. पण स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेटोळ्यांत असतो. कडं फिरवून फक्त तिचा सुरुवातीचा ताण आणि गाडीची उंची बदलते. ती उंची आम्ही टेपने मोजली. आधी चाक लोंबकळत असताना आसापासून सीटखालच्या बोल्टपर्यंतचं अंतर घेतलं, मग आम्ही दोघं बसल्यावर पुन्हा घेतलं. चाकाच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी गाडी खाली बसावी, अशा पायरीवर कडं आणून ठेवलं.

त्यानंतर बाबांना घेऊन वाईवरून पसरणीचा घाट चढले. खड्डे तेच होते आणि ते जाणवतही होते. फरक इतकाच की दणका बसला की गाडी एकदाच दबायची, वर यायची आणि थांबायची. वळणात मागचं चाक मी सांगेन त्या ओळीवर राहायचं. पाचगणीला बाबा कमरेला हात न लावता उतरले आणि "उतरतानाही मागेच बसतो," म्हणाले.

जुन्या गाडीला नवे शॉकअप म्हणजे तिचं अस्सलपण घालवणं, असं काही जाणकार मानतात. मला ते पटत नाही. स्विंग आर्म ही तर बुलेटची मूळ ओळख. १९४८ साली इटलीतल्या सान रेमोच्या सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने स्विंग आर्मवाली बुलेट उतरवली, १९४९ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा बऱ्याच मोटरसायकलींचं मागचं चाक थेट फ्रेमला जखडलेलं असायचं. मागचं चाक रस्ता धरून राहावं म्हणून ज्यांनी ही गाडी आखली, त्यांच्या हेतूला गळके शॉकअप जपून न्याय मिळत नाही. फ्रेमला कुठे वेल्डिंग केलेलं नाही, काही कापलेलं नाही. जुनी जोडी तेल लावून ठेवली आहे, उद्या कोणाला हवी तर दोन बाजूंचे बोल्ट सोडून परत बसेल. गाडी मुळाबरहुकूम ठेवायची असेल, तर ती ज्या कामासाठी घडवली ते काम तिच्याकडून नीट होतंय ना, हे आधी पाहावं.